गिरणीचा बाजार होतो तेव्हा: गाळा घेण्यापूर्वीचा हिशोब

बंद कारखान्यात दुकाने व करमणूक आणण्याची रीत मुंबईत रुळली आहे. उद्या कल्याण-माळशेज रस्त्यावरील एखाद्या बंद भातगिरणीत गाळे निघाले, तर टोकावड्याच्या कापडवाल्याने वा शिंप्याने काय पाहावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

लोअर परळची फिनिक्स मिल 1905 ची. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीला दुसऱ्या वापराची वाट मोकळी केली. फिनिक्समध्ये त्याच दशकाच्या अखेरीस बोलिंगचा खेळ आला. दुकाने, खानपान, सिनेमा यांनी जागा भरली. जुने धुराडे मात्र तसेच राखले.

पहिला धडा: खेळ व खाणे गर्दी आणतात, पण गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आपला गाळा लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे की कोपऱ्यात, हे स्वतः उभे राहून पाहावे.

दुसरा धडा भाड्याचा. समजा, वापरायला 200 चौरस फूट मिळतात, पण आकारणी 300 फुटांवर, दर 40 रुपये. भाडे झाले 12,000. देखभाल खर्च 3,000. एकूण 15,000. कापडात विक्रीवर शेकडा 20 सुटत असतील, तर महिन्याला 75,000 ची विक्री केवळ जागेसाठी गेली. नोकराचा पगार व घरखर्च अजून बाकीच आहे. विक्रीतही मालकाचा वाटा ठरला असेल, तर तोही यात धरावा.

तिसरा धडा जिवाचा. 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून 14 जण दगावले. म्हणून अग्निशमन दलाचा दाखला पाहावा, बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटा चालून पाहाव्यात. कापडाचे तागे जिन्यात कधीही रचू नयेत.

चौथा धडा कागदाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. मग भाड्याचा व्यवहार तोंडी का ठेवावा? जागेवर बँकेचे कर्ज वा जुन्या कामगारांची देणी थकलेली नाहीत ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

कारागीर बांधवांनो, बयाणा या चारही गोष्टींनंतरच द्यावा. इन्शाअल्लाह, रोजीत बरकत राहील.