आधी मोल, मग ग्रॅम

नागपूर

चि. छकुलीस,


मोलच्या गणिताला कुठले सूत्र लावायचे तेच सुचत नाही, असे तू लिहिलेस. मुली, सूत्र शोधूच नकोस. एकच गोष्ट पक्की धर: पदार्थ एकमेकांशी संख्येच्या हिशेबाने संयोग पावतात, तराजू मात्र आपल्याला वजन सांगतो. वजनावरून संख्येकडे जाण्याची वाट म्हणजे मोल. एका मोलात 6.022 × 10²³ कण. 20 मे 2019 पासून मोलची व्याख्याच या संख्येवर बांधलेली आहे.

उदाहरण आपल्याकडचेच घे. रामटेकच्या वाटेवर मनसर लागते, तिथे मँगनीजची खाण आहे. मँगनीजच्या पायरोल्युसाइट या खनिजात मँगनीज डायऑक्साइड असते. ते ॲल्युमिनिअमच्या पुडीबरोबर तापवले की मँगनीज सुटे होते:

3 मँगनीज डायऑक्साइड (MnO₂) + 4 ॲल्युमिनिअम (Al) → 3 मँगनीज (Mn) + 2 ॲल्युमिनिअम ऑक्साइड (Al₂O₃)

दोन्ही बाजूंचे अणू स्वतः मोजून बघ. मँगनीज 3, ॲल्युमिनिअम 4, ऑक्सिजन 6. समीकरण संतुलित करताना पुढचे सहगुणक बदल, पण सूत्रातल्या खालच्या आकड्याला कधी हात लावू नकोस. तो बदलला तर पदार्थच बदलतो.

हे 3, 4, 3, 2 म्हणजे मोलचे प्रमाण. ग्रॅमचे नव्हे. बहुतेक मुले नेमकी इथेच चुकतात. अणुवस्तुमाने मँगनीज 55, ॲल्युमिनिअम 27, ऑक्सिजन 16 धर. मग 3 मोल मँगनीज डायऑक्साइड 261 ग्रॅम आणि 4 मोल ॲल्युमिनिअम 108 ग्रॅम. त्यातून 165 ग्रॅम मँगनीज आणि 204 ग्रॅम ॲल्युमिनिअम ऑक्साइड मिळते. दोन्हीकडे बेरीज 369. ही बेरीज जुळली की समीकरण आणि गुणाकार बरोबर आहेत, असे समज.

आता परीक्षेत येते तसे गणित. 87 ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड आणि 27 ग्रॅम ॲल्युमिनिअम घेतले, तर मँगनीज किती मिळेल? आधी दोन्हींचे मोल काढ: प्रत्येकी 1. पण 1 मोल डायऑक्साइडला ॲल्युमिनिअम लागते 4/3 मोल, म्हणजे 36 ग्रॅम. आपल्याकडे 27 च आहे. म्हणून ॲल्युमिनिअम आधी संपेल आणि उत्तर त्याच्यावरूनच काढायचे. 1 मोल ॲल्युमिनिअममागे 3/4 मोल मँगनीज, म्हणजे 41.25 ग्रॅम. डायऑक्साइडचे 21.75 ग्रॅम तसेच उरतील, ऑक्साइड 51 ग्रॅम होईल. बेरीज 114, सुरुवातीलाही 87 अधिक 27 म्हणजे 114 च. आधी संपणाऱ्या पदार्थालाच तुमच्या वर्गात लिमिटिंग रिएजंट म्हणतात. तो वजन बघून ठरवू नकोस, मोल काढूनच ठरव.

खाणीतले खनिज शुद्ध नसते. गणितात ‘80 टक्के शुद्ध’ असे दिसले, तर आधी 80 टक्के वजन काढ आणि मगच मोलकडे वळ.

हा हिशेब केवळ गुणांपुरता नाही. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला विज्ञानशिक्षणासाठी मृत्युपत्राने दिली, आणि तीतून 1942 मध्ये अमरावती रोडवरची आपली एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभी राहिली. तिथला रासायनिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी हाच हिशेब किलोग्रॅम आणि टनांत मांडतो. त्याची पहिली पायरी तू आज शिकते आहेस.

म्हणून रोज दोनच गणिते कर, पण पूर्ण कर. आधी संतुलित समीकरण, मग ग्रॅमचे मोल, मग मोलचे प्रमाण आणि शेवटी मोलचे ग्रॅम. प्रत्येक ओळीत एकक लिही. उत्तर पाठीमागच्या पानावर बघण्याआधी दोन्हीकडच्या वजनाची बेरीज स्वतः ताडून बघ.

तुझा,
मामा