प्राध्यापकाची खुर्ची आणि चवदार तळे

‘शिक्षकाने वर्ग सांभाळावा, चळवळीच्या वाटेस जाऊ नये,’ असा सल्ला आपल्या समाजातील पालकही आज देतात. त्यामागे मुलांच्या भवितव्याची काळजी असते. म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. लंडनमधील अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांना पैसा साठवायचा होता. अध्यापनात त्यांनी कसूर केली नाही. त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही येत. त्याच काळात, जानेवारी १९१९ मध्ये, त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. सरकारी नोकरीचे बंधन असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. नोकरीची मर्यादा त्यांनी ओळखली, परंतु तिला मौनाचे निमित्त होऊ दिले नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हाही ते मुंबईतील एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. त्या कृतीमागे अभ्यास होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणणे एवढेच उरले होते. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा जमलेल्या हजारोंना समजावून त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याच पदावर असताना, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, कोकणातील कुळांसाठी त्यांनी खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले.

यातून एकच बोध निघतो. वर्गात पुरावा तपासण्याची जी शिस्त शिकविली जाते, तीच चळवळीला बळ देते; आणि चळवळीत समजलेले वास्तव अध्यापनाला जिवंत ठेवते. विद्यार्थ्यांना गर्दी म्हणून वापरणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्यांना स्वतः पाहण्यास, मोजण्यास व विचारण्यास शिकविणे हे त्याचे काम आहे.

पाण्याचा प्रश्न आजही संपलेला नाही. त्याचे रूप पालटले आहे. डोलवीच्या परिसरात एकीकडे कारखानदारी उभी आहे, दुसरीकडे धरमतर खाडीकाठची खारजमीन. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि भाताचे पीक हातचे जाते. बांधाला आधार देणारी कांदळवने, बांधांची व उघाडीची दुरुस्ती, पिण्याचे पाणी, धूळ यांचा अभ्यास आपल्या मुलांनी करावयाचा नाही, तर कोणी?

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक स्वाध्याय सुचवितो. आपल्या गावातील एक पाणवठा व एक बांध निवडा. वर्षभर, दर महिन्याला, मुलांसह त्याची स्थिती तारखेनिशी वहीत नोंदवा. वर्षअखेर ती वही ग्रामसभेपुढे ठेवा आणि लेखी उत्तर मागा. महाडचा धडा पाठ्यपुस्तकात एका पानात संपतो. वहीत तो पुढे लिहिता येतो.