विरह आणि विच्छेद : भावगीतातील ‘विराणी’चा अर्थ

प्रेमभंगाच्या गीतांची गणना सामान्यतः विरहगीतांतच केली जाते. वर्गीकरणाच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. विरहात पुनर्मीलनाची अपेक्षा गृहीत असते. संबंध कायमचा तुटल्यानंतर जे गीत उमटते त्यात ती नसते. या भेदाने गीताचा अर्थ कसा बदलतो, हे एका सुपरिचित मराठी भावगीताच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करुण आणि विप्रलंभ यांतील फरक सांगताना नाट्यशास्त्राने करुणाला निरपेक्ष आणि विप्रलंभाला सापेक्ष म्हटले आहे. भेटीची आशा आहे तोवर शृंगार; ती मावळली की शोक. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले. त्यांतील करुणविप्रलंभातही मृत व्यक्तीच्या पुनःप्राप्तीची शक्यता गृहीत आहे. परंतु दोघेही हयात असून नाते मात्र संपले आहे, अशा स्थितीला काय म्हणावे? मृत्यू नाही म्हणून हा निखळ शोक नव्हे, आणि आशा नाही म्हणून हा विप्रलंभही नव्हे. आधुनिक गीत अनेकदा या दोहोंच्या मधल्या जागी उभे असते.

मराठीत विरहगीताची जुनी संज्ञा ‘विराणी’. ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्यांत पुरुष कवी विरहिणीचा आवाज धारण करतो. शीतल उपचारही तिला दाहक वाटतात. तथापि ज्याची वाट पाहायची तो आहे आणि तो येऊ शकतो, ही श्रद्धा तेथे अढळ असते. विराणीतील आर्तता या श्रद्धेतून निर्माण होते.

मंगेश पाडगावकर (1929–2015) यांच्या भातुकलीतील राजाराणीच्या गीतात हीच संज्ञा वेगळ्या अर्थाने अवतरते. यशवंत देव यांनी स्वरबद्ध केलेले आणि अरुण दाते यांनी गायलेले हे गीत प्रथमपुरुषी नाही. एखादी गोष्ट सांगावी तसे ते तृतीयपुरुषी निवेदनातून उलगडते. भातुकली हा संसाराचा खेळ. तो अर्ध्यावर मोडतो, एवढेच कथानक. मुलांचा खेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडता येतो. हा मात्र पुन्हा मांडता येणार नाही. रूपकाची सारी व्यथा या विसंगतीत आहे.

या गीतात दोघांच्या भाषेतील अंतर विशेष लक्षणीय आहे. राजा बोलतो तो नशिबाच्या आणि दैवाच्या परिभाषेत. प्रारंभी त्याला तिच्या हातावरील रेषांत आपले भाग्य दिसते. पुढे ताटातुटीचा दोषही तो दैवाकडेच देतो. राणी दैवाचे नावही घेत नाही. दूरच्या ताऱ्याकडे पाहत ती फक्त उद्याच्या निराळ्या वाटा आणि निराळे गाव यांविषयी बोलते. मुलीच्या संदर्भात परक्या गावाचा अर्थ मराठी श्रोत्याला समजावून सांगावा लागत नाही. ज्याला राजा दैव म्हणतो, ते बहुधा माणसांनी घेतलेला निर्णय आहे, आणि राणीला ते त्याच्या आधी कळलेले आहे. निवेदकही तिच्या बोलण्यास टळू न शकणारे म्हणतो खरा. पण ते कोणी अटळ केले, हे तो सांगत नाही. राजाच्या प्रश्नापुढे राणी निरुत्तर होते. या मौनाला उत्तराचा अभाव मानणे कठीण आहे. उत्तर उच्चारण्याची मुभा नसणे, असाच त्याचा अर्थ संभवतो. गीत केवळ दैवदुर्विलासाचे आहे असे मानणारा वाचक राजाचेच म्हणणे प्रमाण धरतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

साहिर लुधियानवी (1921–1980) यांनी ‘गुमराह’ (1963) या चित्रपटासाठी लिहिलेले आणि महेंद्र कपूर यांनी गायलेले गीत येथे तुलनेस घेता येईल. तेथे विवाहित झालेल्या पूर्वप्रेयसीपुढे नायक पुन्हा परस्परांना अपरिचित होण्याचा प्रस्ताव मांडतो. पूर्ण होऊ न शकणारी कथा एखाद्या सुंदर वळणावर सोडून द्यावी, असा त्याचा आशय. विच्छेद तेथे संकल्पाचा विषय होतो. पाडगावकरांच्या राजाला असा संकल्प करता येत नाही, कारण मुळात काय घडले हेच त्याला उशिरा उमगते. मात्र दोन्ही गीतांत एक साम्य आहे : बोलतो तो पुरुष, आणि तुटण्याची खरी किंमत जिने मोजली तिचे म्हणणे ऐकणाऱ्याला तर्कानेच जाणावे लागते.

पाडगावकरांच्या गीताच्या अखेरीस राणी दूर जाते, तिचे गीत गाताना राजा गुदमरतो आणि विराणी वाऱ्यात विरून जाते. जुन्या विराणीचा हा नेमका व्यत्यास होय. तेथे स्त्री गाते आणि तिची हाक पोहोचेल असा विश्वास असतो. येथे गाणारा पुरुष आहे आणि त्याचे गाणे कोणापर्यंतही पोहोचत नाही. कवीने परंपरेची संज्ञा स्वीकारली, पण तिच्या पोटातील अपेक्षा काढून घेतली. प्रेमभंगाच्या गीतांचा अर्थ लावताना म्हणूनच दुःख किती आहे, हा प्रश्न गौण ठरतो. हाक कोणाला आहे, ती ऐकली जाण्याची आशा उरली आहे काय आणि कोणाचे म्हणणे अनुच्चारित राहिले आहे, हे आधी पाहिले पाहिजे.