बदललेल्या इंजिनाचा ब्रीदर : निवड आणि नळीची मांडणी

भंडारा जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आले असले, तरी बोडीतून अथवा नाल्यातून बांधीत पाणी चढविण्याकरिता आणि धानाच्या मळणीकरिता डिझेल इंजिनाचा उपयोग अद्याप होतो. जुने इंजिन निकामी झाले म्हणजे त्याच चौकटीवर दुसरे, बहुधा वापरलेले, इंजिन बसविण्यात येते. पट्टा, पुली व पाया यांचा मेळ काळजीपूर्वक घातला जातो. परंतु क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे सिलांतून तेल गळू लागते आणि शेतकरी एकामागून एक सील बदलीत राहतो.

अशा वेळी दोष पुष्कळदा सिलाचा नसतो. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधील हवा दाबली जाते आणि रिंगांच्या फटींतून निसटलेले ज्वलनाचे वायू तीत मिसळतात. लिस्टर पद्धतीच्या, सावकाश चालणाऱ्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनात पिस्टन मिनिटास ६५० वेळा उतरतो व प्रत्येक वेळी सुमारे १.४ लिटर हवा सारतो. या हवेस बाहेर जाण्याचा मार्ग हवा, परंतु परत येण्याचा नको. ब्रीदरमधील पातळ झडप हेच काम करते. पिस्टन उतरताना ती उघडते, चढताना मिटते. त्यामुळे आत किंचित ओढ राहते व तेल सांध्यांतून बाहेर झिरपत नाही. दोन सिलिंडरांच्या इंजिनात बहुधा एक पिस्टन उतरताना दुसरा चढतो. म्हणून एका सिलिंडरच्या इंजिनाची झडप त्यास लावून तो लाभ मिळत नाही. शक्य तेथे त्या त्या इंजिनाचाच ब्रीदर मिळवावा.

पेट्रोल मोटारीची वायुवीजन झडप डिझेल इंजिनास बसविण्याचा मोह टाळावा. ती झडप थ्रॉटलमागील ओढीवर चालते. साध्या डिझेल इंजिनास थ्रॉटलच नसतो. तेव्हा तेथे ती झडप म्हणजे केवळ अरुंद भोक होय, आणि आतील दाब उलट वाढतो.

ब्रीदरची नळी स्वतःच्या कल्पनेने हवेच्या फिल्टरमागे जोडणे तर धोक्याचे आहे. तेल खुणेच्या वर भरले असल्यास किंवा रिंगा झिजल्या असल्यास तेलाचा फवारा सिलिंडरमध्ये जातो व इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू लागते. डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. फ्लायव्हील फुटून जीवितहानी होऊ शकते. अशा वेळी हवेचे तोंड जाड, सपाट फळीने घट्ट झाकावे. तळहात किंवा गोणपाट कदापि लावू नये. डिकॉम्प्रेशनचा दांडा फ्लायव्हीलसमोर न जाता हाती येत असेल तर तो उचलावा. अन्यथा सर्वांनी तत्काळ दूर व्हावे. निर्मात्यानेच तेल गाळणाऱ्या भांड्यासह अशी जोडणी दिली असेल, तर मात्र ती मोडू नये.

नळी तेलास टिकणाऱ्या रबराची घ्यावी. सायकलची ट्यूब तेलाने फुगते. नळीचा आतील व्यास ब्रीदरच्या तोंडाहून कमी नसावा. नळी प्रथम वीतभर वर न्यावी, म्हणजे तेलाचे थेंब परत आत ओघळतील, आणि मग उताराने खोपटाबाहेर काढावी. मध्ये झोळ पडू देऊ नये. थंडीच्या दिवसांत थोडा वेळ चालणाऱ्या इंजिनात पाण्याची वाफ निवून तिचे पाणी झोळात साचते. तेलाच्या झाकणाखाली दिसणारा पांढरट लोणी-सारखा थर त्याचाच भाऊ. पट्टा व धुराड्यापासून नळी दूर ठेवून तिचे तोंड खाली वळवावे व त्यावर जाळी बांधावी. मळणीचा भुसा त्या जाळीवर लवकर बसतो, म्हणून ती रोज झाडावी.

एका सिलिंडरच्या इंजिनाची परीक्षा सोपी आहे. पारदर्शक नळी यू आकारात बांधून तीत अर्धे पाणी भरावे व तिचे एक टोक तेल मोजण्याच्या पट्टीच्या भोकात घट्ट बसवावे. पाणी फार हेलकावत असल्यास नळी थोडी चिमटावी. इंजिन चालू असता त्याच्या बाजूचे पाणी किंचित वर चढले, तर ब्रीदर ठीक आहे. ते खाली गेले, तर प्रथम झडप उघडून रॉकेलने धुवावी. त्यानंतरही पाणी खालीच राहिले, तर रिंगा तपासण्याची वेळ आली असे समजावे.