शिवणवर्ग : पहिली टेबलमॅट

पॅचवर्क म्हणजे आपल्या गोधडीचेच काम. सुरुवात लहान टेबलमॅटने करावी.

सुती कापड आधी धुऊन घ्या. नाहीतर नंतर आटते. साडेतीन इंची 24 चौकोन कापा. पाव इंच शिलाई धरून सहा-सहांच्या चार पट्ट्या करा, इस्त्री फिरवा, मग पट्ट्या जोडा. सुलट बाजू आत ठेवून अस्तर शिवा; चार बोटे जागा सोडून तिथून उलटवा. मॅट 18 बाय 12 इंच होते.

माझी पहिली पट्टी अडीच इंच आखूड भरली. शिलाई अर्धा इंच घेतली होती. कापड आईच्या जुन्या लुगड्याचे; रडूच आले. ताई म्हणाल्या, "कात्री चुकली तर कापड जाते. शिलाई उसवता येते."

उसवली, पुन्हा शिवली. आज ती आईच्या ताटाखाली असते.