वाघ पाहायला जाण्यापूर्वी : एका कौटुंबिक सहलीचा भूगोल

सहलीचा बेत आखणे हा भूगोलाचा अत्यंत सोपा आणि तितकाच दुर्लक्षित पाठ आहे, असे मी वर्गात अनेकदा सांगत आलो आहे. अंतर, ऋतू, पाणी, वस्ती, पैसा आणि कायदा ही सर्व प्रकरणे त्यात एकाच वेळी परीक्षेला येतात. विद्यार्थी हसतात, कारण त्यांच्या मते सहल म्हणजे बस ठरवणे आणि चिवड्याचे डबे भरणे. यंदा हा पाठ मला घरीच गिरवावा लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अभ्यासाचे टिपण आहे.

निमित्त असे घडले. माझी भाची, तिचे यजमान आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे राहतात. ती सर्व येत्या डिसेंबरात नागपूरला येणार आहेत. भाचीने फोनवर फर्माईश केली, "मामा, मुलांना एक दिवस प्राण्यांच्या बागेत न्यायचं आहे. इथल्यासारखी. तुम्हीच ठरवा." इथल्यासारखी म्हणजे कशी, हे प्रथम समजून घेणे भाग होते. ब्रिस्बेनजवळ लोन पाइन नावाचे कोआला अभयारण्य आहे. ते १९२७ साली सुरू झाले. तेथे कोआलाला कडेवर घेऊन छायाचित्र काढून घेण्याची प्रथा अनेक दशके चालली, आणि २०२४ साली त्या संस्थेने ती स्वतः होऊनच थांबवली. कांगारूंना हाताने चारा घालण्याची मात्र तेथे मुभा असते. तेव्हा या मुलांच्या डोळ्यांसमोरची बाग म्हणजे जनावराच्या पाठीवरून हात फिरवता येईल अशी जागा.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत फार निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील कलम ३८ जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे, इजा करणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे, इतकेच काय तेथे कचरा टाकणे हाही गुन्हा आहे. आपण मात्र लहानपणी माकडांना फुटाणे टाकण्यासाठीच बागेत जात होतो! मुलांना ही गोष्ट निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी, दारात पाटी वाचून हिरमोड होऊ देऊ नये, असे मी भाचीला कळवले. प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद असलेच पाहिजे, असाही नियम आहे. तो प्राण्यांच्या विसाव्याचा दिवस. परगावच्या पाहुण्यांची सुटी नेमकी त्याच दिवशी येते, हा माझा अनुभव आहे. म्हणून वार आधी विचारून घ्यावा.

आता जागांचा विचार. नागपूरकरांना प्रथम आठवते ती महाराजबाग. भोसल्यांच्या काळची ही बाग. तेथील प्राणिसंग्रहालय १८९४ सालचे असून कृषी महाविद्यालयाच्या अखत्यारीत ते चालत आले आहे. ते शहराच्या ऐन मध्यावर असल्याने तेथे जाण्यासाठी वेगळा बेत करावाच लागत नाही. तिच्याबद्दल मला ममत्व आहे, पण दोन मुलांना हजारो मैलांवरून आणून जुन्या पद्धतीचे पिंजरे दाखवावेत, हे मनाला पटेना.

दुसरी जागा गोरेवाड्याची. काटोल मार्गावरचे हे जंगल आणि तलाव जुन्या नागपूरकरांना पाणीपुरवठ्यामुळे माहीत आहेत. तेथे २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान सुरू झाले. ते वन विकास महामंडळाकडे आहे. येथे पिंजऱ्यांऐवजी मोठमोठी कुंपणबंद राने आहेत. वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी यांची निरनिराळी. माणूस बसमध्ये बसतो आणि प्राणी मोकळा असतो. शहराच्या सीमेवर असल्यामुळे अर्ध्या दिवसात पाहून होते, आणि म्हाताऱ्या माणसांना चालावे लागत नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या बेतात महत्त्वाची होती, कारण माझी आत्या.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यातल्या एका खेड्यात तिचा सारा संसार झाला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गेल्या दिवाळीपासून ती आमच्याकडे आहे. मी टेबलावर नकाशा पसरून ताडोबा, पेंच, उमरेड-करहांडला अशी वर्तुळे काढत होतो. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "वाघ पाहाले पैसे कायले देता गा? आमी त तो दिसू नये मनून वाघोबाले नारळ फोडतो."

या वाक्याने माझ्या बेताची दिशा बदलली. तोपर्यंत वाघ ही माझ्या लेखी एक प्रेक्षणीय वस्तू होती, तिच्यापर्यंत पोहोचण्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत होते. आत्याचे अंतर उलट दिशेने मोजायचे होते : वाघ गोठ्यापासून किती दूर आहे.

थोडी आकडेवारी येथे देणे आवश्यक आहे. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. यातील फार मोठा भाग विदर्भात, आणि त्यातही चंद्रपूर जिल्ह्यात आहे. पण वाघ काही व्याघ्रप्रकल्पाची हद्द वाचून फिरत नाही. ब्रह्मपुरी वनविभाग प्रकल्पाच्या बाहेर असूनही तेथे वाघांची दाट वस्ती आहे, आणि त्याच रानात माणसे मोहफुले वेचतात, तेंदूपाने तोडतात, गुरे चारतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. मे महिना हा तेंदूपानांचा हंगाम. मे महिनाच पर्यटकांच्या दृष्टीने वाघ दिसण्याचा उत्तम काळ, कारण पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर वाघ हमखास येतो. एकाच महिन्याची ही दोन वर्णने आहेत. पाठ्यपुस्तकात ती एका पानावर कधी येत नाहीत.

ताडोबा या नावातच ही गोष्ट दडलेली आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि तळ्याच्या काठी आदिवासींनी त्याला देव म्हणून स्थापले, अशी आख्यायिका आहे. १९५५ साली महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पुढे १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले, आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प बनला. म्हणजे आज ज्याच्या नावाने आपण वाघ पाहायला जातो, तो मुळात वाघाने मारलेला माणूस आहे. आत्याला ही कथा नवी नव्हती. तिला नवल वाटले ते तेथे गाड्यांचे आरक्षण करावे लागते याचे.

मग गोरेवाड्यातील वाघांकडेही मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तेथे जखमी व संकटातील वन्यप्राण्यांसाठी बचाव केंद्र आहे. मनुष्यवस्तीत शिरलेले, हल्ल्यांच्या संशयावरून पकडलेले वाघ आणि बिबटे अशाच केंद्रांत आणले जातात. जंगलात परत सोडता येत नाहीत, म्हणून ते कुंपणात राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये या केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावले. त्यातले वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेले होते. कोंबडीचा रोग वाघाला! बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या जनावराचा पूर्वेतिहास काय असू शकतो, हे अकरा वर्षांच्या मुलाला सांगता येईल असे मला वाटते. सात वर्षांच्या मुलीला कितपत सांगावे, ते तिच्या आईने ठरवावे.

जावईबापूंचा आग्रह मात्र ताडोब्याचा होता. "मामा, वाघ नक्की दिसेल अशीच सफारी बघा," हे त्यांचे म्हणणे. नक्की या शब्दाला जंगलात अर्थ नाही, आणि त्याच्या मागे लागले की काय होते ते उमरेड-करहांडला अभयारण्यात दिसले आहे. हे अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले, जय नावाच्या वाघामुळे नावारूपाला आले, आणि २०१६ साली तो वाघ बेपत्ता झाला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तेथेच पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची दोन्ही बाजूंनी वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, गाइड व चालकांवर कारवाई झाली. गाइड आणि चालक ही आसपासच्या खेड्यांतली मुले. त्यांचे चुकले यात शंका नाही. परंतु गाडीत बसून "आणखी जवळ घ्या" म्हणणारा मनुष्य शिक्षेशिवाय घरी गेला असणार, हेही तितकेच खरे. जावईबापूंना मी त्या घटनेची बातमी पाठवून दिली. त्यांचे उत्तर दोन दिवसांनी आले : "मुलांना कुठलं जंगल आवडेल, ते बघा."

असो. आता बेताचा व्यावहारिक भाग. जंगलातली उघडी जिप्सी सहा पर्यटक घेते. चालक आणि गाइड वेगळे. आम्ही सात. या एका अंकाने घरात अर्धा तास चर्चा झाली आणि आत्याबरोबर मागे राहण्याचे काम मी पत्करले. आरक्षण आधीपासून संगणकावर करावे लागते, आणि प्रवेशद्वारावर प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. परदेशी नागरिकांनी पासपोर्ट न्यावा, झेरॉक्स नव्हे. ताडोब्याचा गाभा मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर उघडत नाही. डिसेंबरात गवत उंच असते, पाणी सर्वत्र असते, म्हणून वाघ दिसण्याचा संभव उन्हाळ्यापेक्षा कमी. पक्षी मात्र भरपूर, स्थलांतर करून आलेली बदकेसुद्धा. कपड्यांविषयी मी भाचीला ठळक अक्षरांत लिहिले. ब्रिस्बेनला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. तेथून निघालेली मुले आपल्याकडील पहाटे, दहा-बारा अंशांच्या थंडीत, चालत्या उघड्या गाडीत बसणार. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि पायांवर घ्यायला चादर ही चैन समजू नये. भडक रंगाचे कपडे व अत्तर टाळावे. ताडोब्याच्या गाभ्यात २०१८ पासून मोबाइल नेण्यास बंदी आहे. माझ्या मते सर्वच जंगलांत ती असावी.

ताडोबा नागपुरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतो. पेंचचे सिल्लारी प्रवेशद्वार सुमारे सत्तर. महाराष्ट्रातील पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, व्याघ्रप्रकल्प १९९९ चा. लांबच्या विमानप्रवासाने शिणलेल्या मुलांसाठी पेंच बरा, या माझ्या मताला अखेर सर्वांनी मान्यता दिली. पहिल्या दिवशी गोरेवाडा, आत्येसह सातही जण. एक दिवस विश्रांती. मग सिल्लारीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटेची एक फेरी, फक्त एकच.

भाचीने मुलांना वाचून दाखवायला काही पुस्तके मागितली. मारुती चितमपल्ली यांचे रानवाटा आणि व्यंकटेश माडगूळकरांचे नागझिरा ही दोन मी काढून ठेवली आहेत. चितमपल्ली वनखात्यात राहून विदर्भाची राने जगले; जून २०२५ मध्ये ते गेले. माडगूळकर नागझिऱ्यात मुक्काम ठोकून बसले आणि तेथे जे पाहिले ते लिहिले. वाघ न दिसलेल्या दिवशीही जंगलात किती पाहण्यासारखे असते, ते या दोघांच्या पुस्तकांतून कळते. मराठी वाचनाची मुलांना सवय नाही; आईने वाचावे, मुलांनी ऐकावे.

आत्याने या सगळ्यात स्वतःचे एक कलम घातले. मुलांना वाघ दाखवा की नका दाखवू, पण तिच्या गावी न्याच, असे तिने बजावले. तेव्हा तिसरा मुक्काम मूल तालुक्यात ठरला आहे. तेथे गोठ्याला काटेरी फांद्यांचे कुंपण कसे घालतात, दिवेलागणीनंतर माणसे एकेकटी का जात नाहीत, रानाच्या कडेला शेंदूर फासलेला वाघोबा कोठे आहे, हे तिचे पुतणे मुलांना दाखवतील. वाघाने माणूस मारल्यास सरकार वारसांना २०२३ पासून २५ लाख रुपये देते. ही माहिती मी जावईबापूंना सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, की सफारीच्या तिकिटातला किती भाग त्या गावांकडे जातो. प्रश्न रास्त आहे. ताडोब्याच्या परिसरात गाइड, चालक आणि निवासगृहे यांतून काही गावांना रोजगार मिळतो, हे खरे. पण जेथे प्रवेशद्वार नाही तेथे वाघ असतो आणि पर्यटक नसतो. आत्याचे गाव त्यांतलेच.

सिल्लारीच्या मुक्कामाची रात्र मी मुद्दाम अमावास्येच्या जवळची निवडली आहे. पेंच जानेवारी २०२४ पासून भारतातील पहिले डार्क स्काय पार्क आहे. तेथे बाहेरचे दिवे कमी करून आकाश काळे राखतात. डिसेंबरात संध्याकाळनंतर पूर्वेला मृग नक्षत्र वर येते. दक्षिण गोलार्धातून ते उलटे दिसते, तेव्हा या मुलांनी ब्रिस्बेनला पाहिलेला मृग डोक्यावर उभा असणार. आत्याला मी हे सांगितले तर ती म्हणाली, मृग जूनमध्ये लागतो, डिसेंबरात कुठला? सूर्य मृगात असतो तेव्हा आपण त्या नक्षत्राचा पाऊस म्हणतो, आणि सूर्य समोरच्या बाजूला गेला की तेच नक्षत्र रात्रभर दिसते, हे मी तिला स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती वाटी फिरवून दाखवले. तिने वाटी माझ्या हातून घेतली, धुऊन पालथी घातली, आणि सिल्लारीला येण्याचे कबूल केले. तिच्यासाठी खाटेची आणि जाड रजईची सोय तेवढी आधी विचारून घ्यायची आहे.