रोहिणीआधी एक खड्डा

आष्ट्याच्या काळ्या रानातून सध्या चालायचं तर नजर पायाखाली ठेवावी लागते. नांगरट राहून गेलेल्या पट्ट्यात भेगा इतक्या रुंदावल्यात की वासराचा खूर अडकावा. तुरकाठी घातली तर हातभर सहज आत जाते. वळवाची एखादी सर पडून गेली तरी त्या मिटत नाहीत. रोहिणी २५ मेच्या आसपास लागते, मृग ७-८ जूनला. तोवर शेणखत, बियाणं, ट्रॅक्टरची पाळी यांची धावपळ असतेच. त्यातून एक सकाळ काढा आणि रानात एक खड्डा घ्या. जमीन कोरडी, भेगा उघड्या आणि रान मोकळं, असा योग वर्षात पुन्हा येत नाही.

माती परीक्षणाला आपण वीतभर खोलीची माती पाठवतो. भारी रानाचं दुखणं मात्र बहुतेक वेळा त्या वितीच्या खाली असतं. ऊस पिवळा पडला की युरिया वाढतो, वाढ खुंटली की पाण्याच्या पाळ्या वाढतात आणि खाली काय चाललंय हे कुणी बघत नाही.

खड्डा तीन फूट लांब-रुंद आणि चार फूट खोल असावा. जमल्यास दोन घ्या : एक पीक जोमात येतं तिथं आणि एक पीक मार खातं तिथं. बांधाजवळ, उकिरड्याजवळ, पाटाच्या कडेला नको. शक्यतो कुदळ-फावड्यानंच घ्या. जेसीबीच्या बकेटनं भिंत घोटली जाते आणि थर दिसत नाहीत. एका भिंतीवर उजेड पडेल असं बघा आणि ती भिंत खुरप्याच्या टोकानं हलके उकरत जा. माती कापायची नाही, तिच्या स्वभावानं तुटू द्यायची. ती कशी तुटते यातच सगळं आहे.

वरच्या वितीत भुसभुशीत, दाणेदार काळी माती दिसेल. ही माती भिजून वाळली की स्वतःहून मोकळी होते, हा तिचा मोठा गुण. म्हणून भारी रानातली ढेकळं फोडायला रोटाव्हेटर तीन-तीनदा फिरवणं म्हणजे डिझेल जाळून मातीचं पीठ करणं. ते पीठ पहिल्याच जोराच्या पावसात थापलं जातं आणि वर खपली धरतं. नांगरट करून ढेकळं तापू द्यावीत, वळवानं विरघळू द्यावीत, मग कुळवाची पाळी द्यावी. वळीव चुकला तर काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा रोटाव्हेटर एकदा फिरवायला हरकत नाही, तीनदा नको.

त्याखाली, साधारण आठ ते बारा इंचांवर, खुरपं थबकतं का बघा. बहुतेक उसाच्या रानात थबकतं. माती आडव्या पापुद्र्यांनी सुटते आणि मागच्या खोडव्याच्या मुळ्या इथवर सरळ येऊन आडव्या वळलेल्या दिसतात. दरवर्षी एकाच खोलीवर चाललेला नांगर आणि ओल्या रानात घातलेल्या भरल्या उसाच्या ट्रॉल्या यांनी हा थर दाबून बसवलेला असतो. वरचं पाणी इथं अडतं, मुळ्याही इथंच अडतात. असा थर दिसला तर सबसॉयलर लावायची वेळ हीच. माती कोरडी असेल तरच तो थर तडकतो. ओल्या मातीत फाळ सुरीसारखा चिरत जातो आणि चीर मागं पुन्हा मिटते. तीन-चार वर्षांतून एकदा हे पुरे. थर नसेल तर भाड्याचे पैसे वाचले.

आणखी खाली, दीड फुटापासून तीन फुटांपर्यंत, या जमिनीचं खरं रूप आहे. खुरप्यानं उकरताना पाचरीच्या आकाराचे तुकडे सुटतील. त्यांच्या बाजू तिरक्या आणि तुकतुकीत, जणू कुणी तेलाचा हात लावून घोटल्यात. हा रोग नव्हे. माती फुगते तेव्हा आतल्या आत एकमेकींवर घसरून या बाजू अशा घासल्या जातात. उन्हाळ्यात वरची माती भेगांतून खाली पडते, पावसात खालची फुगून रेटा देते. अशी ही जमीन हळूहळू स्वतःलाच घुसळत असते. गावं पूर्वी पांढरीवर वसली आणि शेती काळीत राहिली, त्यामागं हीसुद्धा समज असावी. काळीवर बांधलेल्या घराची भिंत दोन पावसाळ्यांत चिरते, हे इथं कुणाला सांगायला नको.

या फुगण्याचं मूळ बेसाल्ट खडकापासून झालेल्या बारीक चिकणमातीत आहे. आपल्या खोल काळ्या जमिनीत तिचं प्रमाण बहुधा चाळीस टक्क्यांच्या वर असतं. तिचा कण दोन सहस्रांश मिलीमीटरपेक्षा बारीक, आणि तोही वहीच्या पानांसारखा थराथरांचा. पाणी त्या पानांच्या मधे शिरतं. ही सगळी पानं उलगडून पसरली तर निव्वळ एक ग्रॅम चिकणमाती सात-आठ गुंठे जागा व्यापेल. एवढ्या जागेवर पाणी आणि खतं धरून ठेवली जातात. म्हणून हलक्या रानात पिकं सुकतात तेव्हा काळ्या रानातला शाळू नुसत्या ओलीवर हाताशी येतो. मात्र जी माती पाणी इतकं घट्ट धरते, ती ते लवकर सोडतही नाही. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून धो धो आत जातं. भेगा मिटल्या की तासाला काही मिलीमीटर मुरणंही कठीण होतं. मुळांना हवा लागते आणि या मातीत वाफसा यायला हलक्या रानाच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळं भारी रानातलं पाणी व्यवस्थापन म्हणजे पाणी देण्याआधी पाणी काढणं.

तीन-साडेतीन फुटांच्या पुढं रंग उतरत जातो, पिवळट-राखाडी होतो आणि हरभऱ्याएवढे पांढरे खडे दिसू लागतात. ही चुनखडी. खाली असेल तोवर तिची फारशी तक्रार नसते, वर आली की मात्र स्फुरद, लोह आणि जस्त बांधून ठेवते. उसात पानं पांढरट-पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तो केवडा पुष्कळदा यातूनच येतो. म्हणून सपाटीकरण करताना वरची फूटभर काळी माती आधी बाजूला ओढून ठेवा, चढ-उतार काढा, मग ती पुन्हा पसरा. चढाची माती उताराला ढकलून एका दिवसात काम उरकलं, तर त्या चढावर पुढची दहा वर्षं हिराकस मारत बसावं लागतं.

आता तळाकडं बघा. खड्ड्यात रात्रभरात पाणी पाझरून साठलं का? भर मे महिन्यात तळाच्या मातीचा गोळा हाताला चिकटतो का? भिंत वाळल्यावर तिच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर रान धडधाकट आहे. एकाचं जरी ‘हो’ आलं, तर मीठफुटी दारात आलीय असं समजा. उन्हाळ्यात भूजल पाच फुटांच्या आत असेल तर मातीच्या बारीक नळ्यांतून ते वर चढत राहतं. पाणी उडून जातं आणि क्षार वर उरतात.

कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात हे घडलं ते उपसा सिंचनाचं पाणी मोकाट दिल्यानं, उसामागून ऊस घेतल्यानं आणि ओढे-नाले बुजवून रानं वाढवल्यानं. दुखणं जुनं आहे. नीरा कालव्याखालच्या जमिनी याच वाटेनं गेल्या होत्या. त्याच पट्ट्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ साली सुरू झालं. बसू आणि सिरूर या शास्त्रज्ञांनी नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींचा थरवार अभ्यास करून तो १९३८ साली प्रसिद्ध केला. त्यांनीही खड्ड्यांतूनच जमिनी वाचल्या होत्या. आणि हरिपूरची हळदीची पेवं काय सांगतात? जमिनीच्या पोटातली ती कोठारं माती कोरडी राहते हे पारखूनच खोदली होती. २००५ च्या महापुराचं पाणी त्यांत शिरलं आणि बरीचशी निकामी झाली.

जमीन बिघडली असेल तर ती खारवट की चोपण, हे आधी ठरवा. दोन्हींना आपण सरसकट क्षारपड म्हणतो आणि सरसकट जिप्सम टाकतो. तिथंच पैसे वाया जातात. घरगुती परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीचं शुद्ध पाणी घ्या, वाटाण्याएवढा वाळलेला खडा अलगद सोडा आणि पेला न हलवता दोन तास ठेवा. खड्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर माती सोडियमची, म्हणजे चोपण. खडा नुसता ढासळला आणि पाणी नितळ राहिलं तर सोडियमचा जोर नाही. विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळं चोपण मातीही शहाण्यासारखी वागते.

नक्की निदान प्रयोगशाळेत होईल. एक, दोन आणि तीन फुटांवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत, अर्धा-अर्धा किलो, चिठ्ठी घालून द्या. सामू, विद्युत वाहकता, विनिमययोग्य सोडियम आणि मुक्त चुना एवढं मागा. सामू ८.५ च्या आत, संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमनच्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या आत, ही खारवट जमीन. सामू ८.५ च्या वर, वाहकता ४ च्या आत आणि सोडियम १५ च्या वर, ही चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही वर असतील तर खारवट-चोपण. वाहकता कोणत्या पद्धतीनं काढली हेही विचारा. एकास अडीच पाण्यात काढलेला आकडा कमी येतो आणि उगाच धीर देतो.

खारवट जमिनीला जिप्समची गरज नाही, तिला क्षार धुऊन बाहेर जायला वाट हवी. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, तेही प्रयोगशाळेनं काढलेल्या गरजेइतकं, वरच्या वितीत मिसळून. चुनखडीच्या चोपण जमिनीत गंधक किंवा प्रेसमडही काम करतं, कारण ते जमिनीतलाच चुना विरघळवतं. पण निचरा नसेल तर यातलं काहीही टाका, सुटलेला सोडियम जाणार कुठं?

निचऱ्याचं पहिलं काम फुकटातलं आहे. पाऊस लागण्याआधी बांधालगतचे चर उकरा आणि त्यांचं तोंड ओढ्यापर्यंत मोकळं करा. ओढा बुजला असेल तर एकट्याच्या चरानं काही साधत नाही, तिथं शेजारी-भाऊबंद एकत्र बसावेच लागतात. पाणी मुरून आतच तुंबत असेल तर साडेतीन ते पाच फुटांवर सच्छिद्र पाईप टाकून निचरा करण्याला पर्याय नाही. खर्च मोठा असतो आणि एका शेतापुरता तो परवडत नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेकडो शेतकऱ्यांनी गट करून हे काम केलंय. एकदा जाऊन बघून या. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तर आष्ट्याच्या हाकेवर आहे.

आता पिकांचं. सोयाबीन ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच पेरा, रुंद वरंबा-सरीवर. कसबे डिग्रजलाच तयार झालेले फुले संगम आणि फुले किमया हे वाण इथल्या मातीला सरावलेले आहेत. हळद गादीवाफ्यावर लावा. सपाट काळ्या रानात श्रावणात पाणी तुंबलं की कंदकूज ठरलेली. आडसाली उसाचं रान रिकामं असेल तर जूनच्या पहिल्या पावसावर एकरी वीस-पंचवीस किलो ताग किंवा धैंचा फेका. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत, फुलाच्या सुमारास, गाडा म्हणजे १५ ऑगस्टच्या आत लावण उरकते. चोपण आणि पाणी धरणाऱ्या रानात धैंचाच घ्या, ताग तिथं पिवळा पडतो. अशा रानात उसाचा फुले २६५ हा वाण इतरांपेक्षा अधिक तग धरतो. खोडव्यात पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाकून ते सरीत कुजवा. चिकणमाती मोकळी राहते ती अशाच कुजलेल्या काडीकचऱ्यानं.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. चार-सहा इंचांवरची माती मुठीत दाबा आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटून पसरला तर औत घाला. चपटा होऊन बसला तर बैल सोडा, ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवा, भाड्याचा विसार गेला तरी चालेल.

खड्डा बुजवताना ज्या क्रमानं माती निघाली त्याच्या उलट क्रमानं घाला. चुनखडीची आधी, काळी शेवटी. पूर्ण बुजवण्याआधी त्यात चार इंची पीव्हीसी पाईपचा पाच-सहा फुटी तुकडा उभा करा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून वरून गोणपाट गुंडाळा आणि वरचं तोंड टोपणानं झाका. दर अमावास्या-पौर्णिमेला आत काठी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वैशाखात पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यायची, हे ठरवताना ती भिंत बघा.